चरित्र लिहायला घेताय? खरं आणि रचलेलं वेगळं ठेवायचं कसं

सातारा-सांगलीकडे दरवर्षी कुणाचा ना कुणाचा अमृतमहोत्सव, सहस्रचंद्रदर्शन नाहीतर जन्मशताब्दी असतेच. कुणी पतसंस्था काढलेली असते, कुणी हायस्कूल, कुणी बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत राहिलेलं असतं, कुणी पाणीपुरवठा संस्था उभी करून माळावर ऊस नेलेला असतो. समिती बसते, हॉल ठरतो, पाहुणे ठरतात आणि सगळ्यात शेवटी कुणाला तरी आठवतं की पुस्तकही पाहिजे. मग गावातल्या मराठीच्या सरांना, वाचनालयात रोज दिसणाऱ्या निवृत्त माणसाला किंवा दिवाळी अंकात दोन कथा छापून आलेल्या पोराला फोन जातो. "तुम्हाला काय, लिहिता येतंय. तीन महिन्यांत करून टाका."

त्या फोनवर 'हो' म्हणून बसलेल्यांसाठी हे लिहितोय. असली कामं मी केलेली आहेत. भाषेची अडचण फारशी येत नाही. अडचण ही येते की माहिती असते वीस पानांची आणि समितीला पुस्तक हवं असतं दोनशे पानांचं. मधली पानं बहुतेक जण कल्पनेने भरतात आणि ती कल्पना आहे हे कुठेच सांगत नाहीत. वीस वर्षांनी दुसरा कुणीतरी तेच पुस्तक पुरावा म्हणून हातात घेतो. कल्पना वापरूच नका असं मी म्हणणार नाही, तेवढी सोवळी भूमिका मला झेपत नाही. ती कुठे वापरली ते वाचकाला दिसलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. काय लिहायचं ते आधी ठरवा आणि कागदावर घ्या

गौरवग्रंथ, चरित्र आणि चरित्रात्मक कादंबरी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. समितीला तिन्हींतला फरक माहीत नसतो आणि तो समजावून सांगणं तुमच्याच अंगावर येतं. गौरवग्रंथात दहा-वीस जणांचे लेख असतात, त्यात कौतुक चालतं, कारण वाचकाला ठाऊक असतं की हे कौतुकाचं ताट आहे. कादंबरीत प्रसंग, संवाद, मनातले विचार सगळं रचता येतं. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' (१९५९) एका खऱ्या माणसावर बेतलेली आहे, पण ती कादंबरी म्हणूनच छापली गेली. तिच्यातल्या एखाद्या वाक्याचा पुरावा अण्णाभाऊंकडे मागायला कुणी जाऊ नये. गोंधळ वाचक घालतात. कादंबरीतला संवाद पाठ करून भाषणात 'ते म्हणाले होते' असं ठोकून देतात आणि टाळ्या घेतात.

तुमच्या मुखपृष्ठावर 'चरित्र' हा शब्द आला की कादंबरीकाराची सवलत संपली. म्हणून काम घेतानाच एक साधं पत्र करा. स्टँपपेपर लागत नाही, दोन्ही बाजूंच्या सह्या पुरेत. त्यात एवढं असू द्या:

- पुस्तकाचा प्रकार कोणता.
- मसुदा छापण्याआधी कोण वाचणार. 'घरचे सगळे' असं लिहू नका, एकच नाव घाला.
- तारीख, आकडा, नाव चुकलं असेल तर कुटुंबीय दुरुस्ती सुचवतील. पण कागदावर असलेली गोष्ट बदलायची झाली तर लेखकाची संमती लागेल.
- गोळा केलेले कागद आणि ध्वनिमुद्रणं पुढे कुठे राहतील.

तिसऱ्या मुद्द्यावर नेहमी चर्चा अडते. ती सुरुवातीलाच अडलेली बरी, छापखान्यात अडण्यापेक्षा.

२. कुणालाही भेटण्याआधी वीस ओळींची नोंद लिहा

आपल्याच वाईत मराठी विश्वकोशाचं काम चाललं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते. त्यातली कुठलीही एक चरित्रनोंद काढून वाचा. जन्म, शिक्षण, काम, ग्रंथ, मृत्यू. विशेषणं जवळजवळ नाहीतच. 'धगधगतं अग्निकुंड' नाही, 'दीनदुबळ्यांचा कैवारी' नाही. तशीच कोरडी नोंद तुमच्या माणसाची लिहा. जिथे माहीत नाही तिथे जागा मोकळी सोडा.

या नोंदीतल्या मोकळ्या जागा म्हणजे तुमच्या कामाची यादी. जन्मवर्षापुढे रिकामं आहे? शाळा कोणती ते माहीत नाही? १९५२ ते १९६० या काळात हा माणूस काय करत होता हे कुणीच सांगत नाही? ही आठ वर्षं पुढे तुम्हाला फार छळणार आहेत, हे आत्ताच कळलं तर चांगलं. अशा गप्प वर्षांत बहुधा काहीतरी घडलेलं असतं: पडलेली निवडणूक, बुडालेला धंदा, भावाभावांतली वाटणी.

३. कागद गोळा करा

माणसांच्या आधी कागद. म्हातारी माणसं थांबणार नाहीत हे खरं आहे, म्हणून नव्वदीच्या पुढच्यांना लगेच भेटून घ्या. पण बाकीच्यांकडे कागद बघूनच जा, नाहीतर काय विचारायचं तेच कळत नाही.

- शाळेचं जनरल रजिस्टर. मूळ गावच्या प्राथमिक शाळेत मिळतं. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज द्या, कुटुंबातल्या एकाची सही घ्या. जन्मतारखेच्या रकान्यापेक्षा 'शाळा सोडल्याचं कारण' हा रकाना जास्त मोलाचा. घरचे सांगतात, देशासाठी शाळा सोडली. रजिस्टरात असतं, 'सतत गैरहजर'. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, पण दोन्ही लिहायला हवं.
- कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नक्कल मागा. बऱ्याचदा त्यात मुलाचं नाव नसतं, बापाचं नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच असतं. नाव दिसलं नाही म्हणून परत येऊ नका. आणि नोंद मोडी लिपीत असेल तर मोडी जाणणाऱ्याची मदत घ्या, अंदाजाने वाचू नका.
- सातबारा आणि जुने फेरफार. जमीन कधी आली, कधी गहाण पडली, कधी वाटणी झाली. 'अठरा विसवे दारिद्र्यात जन्म' हे वाक्य लिहायच्या आधी फेरफार बघाच.
- संस्थेचं प्रोसिडिंग बुक. ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, विरोध कुणी केला.
- नोकरी असेल तर सेवापुस्तक. बदल्या, रजा, वेतनवाढ रोखली असेल तर तेही.
- घरातलं: पोस्टकार्डं, लग्नपत्रिका, दुकानाच्या वह्या, फोटो. फोटोच्या मागची बाजू बघायला विसरू नका, स्टुडिओचा शिक्का आणि कधीकधी तारीख असते.
- त्या काळची वर्तमानपत्रं आणि गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ. सातारा जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर १८८५ चं आहे. तुमचा माणूस त्यात सापडणार नाही, पण त्याच्या आजोबाच्या काळचं गाव सापडेल.

कागद मिळत नाहीत याची कारणंही इकडची आहेत. गांधीहत्येनंतर अठ्ठेचाळीसला झालेल्या जाळपोळीत कित्येक वाड्यांतली दप्तरं गेली. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत कृष्णाकाठच्या घरांतल्या पेट्या भिजल्या. 'कागद पुरात गेले' हे उत्तर मिळालं तर ते उत्तरही पुस्तकात लिहा. आणि शेजारच्या गल्लीत, माळ्यावर, मुलीच्या सासरी विचारा. मुलीच्या सासरी फार काही निघतं.

कागद दिसला की तिथेच मोबाइलवर फोटो काढा, मूळ कागद घरी नेऊ नका. फोटोत कागदाच्या शेजारी एक चिठ्ठी ठेवा: कुणाकडचा, कधी पाहिला.

४. कालपट मांडा, आणि तारखांवर विश्वास ठेवू नका

एका मोठ्या कागदावर वर्षांचे रकाने पाडा. प्रत्येक नोंद त्यात टाका. हे काम कंटाळवाणं आहे, पण अर्ध्याहून अधिक रचलेल्या गोष्टी इथेच उघड्या पडतात.

पहिली गोची १ जूनची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून टाकली, अशी माणसं प्रत्येक घरात आहेत. तुमच्या चरित्रनायकाचा वाढदिवस १ जूनला होत असेल तर ती जन्मतारीख म्हणून ठामपणे छापू नका. 'शालेय नोंदीप्रमाणे' हे दोन शब्द घाला. वर्षसुद्धा दोन-तीन वर्षं मागेपुढे असू शकतं.

दुसरी गोची शकाची. शके वर्षात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना पाठ असतं. पण इंग्रजी वर्ष मध्येच बदलतं, आणि त्यानंतर फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १८४० चा माघ म्हणजे १९१९ चा फेब्रुवारी, १९१८ चा नव्हे. एवढ्या चुकीने जन्मशताब्दी वर्षभर आधी साजरी होते.

तिसरी गोष्ट आपल्याच दोन जिल्ह्यांची. 'सन १९४२ मध्ये सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात' असं वाक्य मी कितीतरी पुस्तकांत वाचलंय. १९४२ साली सांगली जिल्हा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते आणि सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं. १ ऑगस्ट १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. यशवंतराव चव्हाण १९१३ साली देवराष्ट्र्यात जन्मले तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. ही फक्त शब्दाची काटेकोर शिस्त नाही. जुना कागद कुठल्या कचेरीत शोधायचा हे यावरून ठरतं, आणि ब्रिटिश हद्द सोडून संस्थानाच्या हद्दीत जाणं याला त्या काळी काय अर्थ होता तेही यावरूनच कळतं.

५. मुलाखत घेताना साल विचारू नका

"कोणत्या साली?" असं विचारलं की समोरचा माणूस काहीतरी साल सांगतो, कारण पाहुण्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं. त्याऐवजी खुंट्या वापरा. भूकंपाच्या आधी की नंतर? कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, तो कराड-पाटणकडच्या कुणालाही विसरता येत नाही. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडी फोडायला होता का? एस.टी. गावात आली होती का? थोरली लेक तेव्हा रांगत होती की शाळेत जात होती? शेवटचा प्रश्न बायकांना विचारा, उत्तर बिनचूक येतं. खरं तर सगळी मुलाखतच आधी घरातल्या बायकांची घ्या. पुरुष भाषण करतात, आणि माजघरातून आजी हळूच म्हणते, "तसं नव्हतं ते."

एक नमुना देतो. घर, माणसं बदलली आहेत, पण असलं विधान तुम्हाला हमखास मिळणार. वाळव्याकडच्या एका गावात मुलगा सांगतो: "आमचे अण्णा वडूजच्या मोर्चात होते. इंजिनिअर पंड्या त्यांच्या डोळ्यांदेखत पडले. अण्णा तिथून सुटले ते दिवेलागणीला घरी."

ऐकताना अंगावर काटा येतो आणि हात लिहायला शिवशिवतो. जरा थांबा. वडूजचा मोर्चा ९ सप्टेंबर १९४२ चा, त्यात परशुराम घार्गे आणि इतर हुतात्मे झाले. पंड्या आणि त्यांच्यासोबत बारपटे गोळीबारात पडले ते दुसऱ्या दिवशी, १० सप्टेंबरला, इस्लामपूरच्या मोर्चात. वडूज खटाव तालुक्यात, तिथून वाळव्याकडे साठ किलोमीटरहून जास्त अंतर. गोळीबारानंतर आडवाटेने चालत निघालेला माणूस दिवेलागणीला घरी पोचत नाही. म्हणजे अण्णा बहुधा इस्लामपूरच्या मोर्चात होते, आणि 'वडूज' हे नाव नंतर ऐकलेल्या भाषणांतून आठवणीत शिरलं. किंवा अण्णा दोन्हीकडे नव्हते आणि घरी बसून ऐकलेलं पुढे सांगत गेले. मुलगा खोटं बोलत नाही. त्याने जे लहानपणापासून ऐकलं ते तो सांगतोय.

आता लिहायचं कसं? 'अण्णा इस्लामपूरच्या मोर्चात होते' असं आपणच दुरुस्त करून टाकू नका, तेही रचणंच झालं. लिहा: मुलगा असं सांगतो, तारखा आणि अंतर पाहता यात दोन मोर्चांची सरमिसळ झालेली दिसते, अण्णांच्या सहभागाचा कागद मिळाला नाही. तीन वाक्यं. वाचक शहाणा असतो.

प्रतिसरकारच्या, म्हणजे बेचाळीसनंतर इकडे इंग्रजांविरुद्ध चाललेल्या समांतर सरकारच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्या. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या भागात प्रत्येक घराला आपला एक माणूस चळवळीत हवा असतो, आणि खरोखर बऱ्याच घरांतला होताही. पण ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली किंवा २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, या कामांत मोजकी माणसं होती आणि त्यांची नावं लिहिली गेली आहेत. तुमचा माणूस त्यात नसेल तर त्याला तिथे उभा करू नका. निरोप पोचवणारा, भाकरी पोचवणारा, रात्री दार उघडणारा माणूस चरित्राला पुरेसा असतो. १९७२ नंतर निवृत्तिवेतनासाठी केलेले अर्ज हाताला लागले तर तेही जपून वाचा. नियमात बसावं म्हणून लिहिलेला मजकूर आणि घडलेला मजकूर नेहमी एकच नसतो.

मुलाखत ध्वनिमुद्रित करा, आधी विचारून. फोन खिशात चालू ठेवून चोरून नाही.

६. प्रत्येक वाक्याला खूण करा

माझी पद्धत सोपी आहे. टिपणवहीत डावीकडे समास सोडायचा आणि प्रत्येक माहितीपुढे एक अक्षर टाकायचं.

का म्हणजे कागद. पा म्हणजे सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेलं. ऐ म्हणजे त्याने ऐकलेलं. त म्हणजे माझा तर्क.

मसुदा लिहितानाही ही अक्षरं पेन्सिलने ठेवा. एखाद्या पानावर सलग 'ऐ' आणि 'त' दिसायला लागले की समजावं, आपण कादंबरीच्या हद्दीत आलो. छापताना अक्षरं जातात, पण त्यांचं काम वाक्यात उतरवायचं: 'इतिवृत्तात आहे', 'त्या वेळी हजर असलेले सांगतात', 'घरात असं सांगितलं जातं', 'असावं'. मराठीत यासाठी सोय भरपूर आहे. 'म्हणे' हा एक शब्दसुद्धा अर्ध्या पानाच्या तळटिपेचं काम करतो.

आत्मचरित्र किंवा डायरी मिळाली तर सगळंच 'का' धरू नका. माणूस स्वतःच्या जन्माची हकिगत सांगतो ती आईकडून, आजीकडून ऐकलेली असते. ती 'ऐ'च.

७. संवाद आणि प्रसंग: इथेच सगळे घसरतात

खालचा नमुना मी बनवलेला आहे. प्रोसिडिंग बुकात एक ओळ आहे: 'चेअरमन यांनी राजीनामा सादर केला. चर्चेअंती मंजूर.' पहिल्यांदा लिहिणारा याचं काय करतो बघा:

> रात्रीचे अकरा वाजले होते. बाहेर धो धो पाऊस कोसळत होता. आबांनी खिडकीतून अंधाराकडे पाहिले. "माणसं जोडायला निघालो होतो, आकडे जोडायला नाही," ते स्वतःशीच पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळले.

स्वतःशीच पुटपुटले, तर ऐकलं कुणी? पाऊस होता हे कुठून कळलं? आणि वाक्य इतकं घोटीव आहे की ते लेखकाचंच वाटतं. आता हेच, हजर असलेल्या दोघा संचालकांना आणि घरच्यांना भेटल्यावर:

> जुलैच्या सभेच्या इतिवृत्तात एवढंच आहे: 'चेअरमन यांनी राजीनामा सादर केला. चर्चेअंती मंजूर.' चर्चा काय झाली ते लिहिलेलं नाही. एका संचालकांना आठवतं की आबा शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. दुसरे म्हणतात, ते बोलले आणि जाताना फाइल टेबलावर आपटली. त्या रात्री ते जेवले नाहीत, एवढं त्यांच्या सूनबाईंना पक्कं आठवतं, कारण केलेली आमटी दुसऱ्या दिवशी गाईला घातली.

दुसरा उतारा मला जास्त जिवंत वाटतो. दोन साक्षी जुळत नाहीत, आणि त्या न जुळण्यातूनच आबा कसे होते ते थोडं दिसतं. आमटीसारखा तपशील माणसांना भेटल्यावरच हाती लागतो.

नियम म्हणून एवढं पाळा. अवतरणचिन्हात तेच वाक्य घाला जे कुठेतरी लिहिलेलं आहे किंवा ऐकणाऱ्याने शब्दशः सांगितलं आहे. बाकीचं 'त्यांचं म्हणणं असं होतं की' या वळणाने लिहा. मनातले विचार फक्त डायरीत, पत्रात किंवा कुणाला सांगितलेले असतील तरच. आणि एखादा प्रसंग डोळ्यांसमोर उभा करायचाच असेल, तर 'हा प्रसंग साधारण असा झाला असावा' असं म्हणून उभा करा. वाचकाचा रसभंग होत नाही, माझा अनुभव आहे.

पार्श्वभूमी रचतानाही सांभाळा. ती खरी असली पाहिजे, मग ती कुणी सांगितलेली नसली तरी चालते. १९४० साली नायकाला एस.टी.त बसवू नका, एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून, त्याआधीचा माणूस आठ आणे देतो, पन्नास पैसे नाही. किलो त्याच सुमारास पुढे आला, आधी शेर आणि मण. जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला झाल्या. त्यामुळे १९५० सालचा मास्तर 'जिल्हा परिषदेच्या शाळेत' नोकरी करू शकत नाही, तो बोर्डाच्या शाळेतला मास्तर. जुना वाचक इथे पकडतो आणि मग बाकीच्या दोनशे पानांवरचा त्याचा विश्वास उडतो.

८. फिरते किस्से ओळखा

काही किस्से माणसाला चिकटलेले नसतात, ते गावोगाव फिरत असतात. पूर आलेल्या कृष्णेतून पोहत शाळा गाठणं. म्युनिसिपालिटीच्या दिव्याखाली अभ्यास. मोठ्या पुढाऱ्याला भर सभेत सुनावलेलं एक वाक्य. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी दागिने आणि मंगळसूत्रही मोडलं, हे सर्वश्रुत आहे. पण तेव्हापासून दोन्ही जिल्ह्यांतल्या जवळजवळ प्रत्येक संस्थापकाच्या पत्नीचं मंगळसूत्र पुस्तकात गहाण पडलंय. काहींचं पडलंही असेल. मग सावकार कोण, साल कोणतं, सोडवलं कधी, ते विचारा. खऱ्या किस्स्याला असले कंगोरे असतात, फिरत्या किस्स्याला फक्त टाळीचं वाक्य असतं.

'पहिला' या शब्दाचंही तसंच. पंचक्रोशीतला पहिला पदवीधर, तालुक्यातला पहिला ट्रॅक्टर. शब्दाआधी कुंपण घाला. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं ते 'स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक'. त्यातला 'स्वतंत्र' काढला तर विधान डळमळतं, कारण १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमधली नॉर्मन प्रिचर्ड यांची दोन रौप्यपदकं भारताच्या नावावर धरली जातात. खाशाबांचं मोठेपण त्या एका शब्दाने तसूभरही कमी होत नाही. तुमच्या नायकाचंही होणार नाही.

९. गाळलेलं

कुटुंबाला बहुधा चार गोष्टी नको असतात: दुसरं लग्न, कर्ज, कोर्टकज्जा आणि पराभव. सगळंच छापा असा माझा आग्रह नाही. पण गाळण्यानेही खोटं चित्र तयार होतं. दोन पत्नी असलेल्या माणसाच्या पुस्तकात एकच दिसली तर धाकटीची मुलं ते पुस्तक कसं वाचतील, एवढाच प्रश्न मी घरच्यांना विचारतो. बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं. तरी नकार आला तर प्रस्तावनेत एक ओळ टाका: कुटुंबाच्या इच्छेनुसार खाजगी आयुष्याचा काही भाग येथे घेतलेला नाही.

कायद्याचं थोडक्यात. गेलेल्या माणसाबद्दलचं विधानही, त्याच्या घरच्यांची मनं दुखावण्याच्या हेतूने केलं असेल तर, बदनामी ठरू शकतं. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. 'खरं आहे' एवढा बचाव पुरत नाही, ते लोकहिताचंही असावं लागतं. हयात माणसांबद्दल अधिक जपून लिहा. नायकाच्या विरोधकाचं नाव घेऊन 'भ्रष्ट' म्हणण्याआधी त्याच्या घरीही जाऊन या. त्यांची बाजू आली की पुस्तक बरंच सुधारतं. पत्रांचंही लक्षात ठेवा: पत्र ज्याच्या पेटीत आहे त्याचा फक्त कागद, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा. छापायला त्यांची परवानगी लागते. शंका असेल ते पान वकिलाला दाखवा.

१०. मसुदा आणि छपाई

ठरलेल्या एकाच व्यक्तीला मसुदा द्या, छापील प्रत द्या, पीडीएफ नको. पीडीएफ तासाभरात भावकीच्या ग्रुपवर जाते आणि रात्री अकराला मामेसासऱ्यांचा फोन येतो. दुरुस्त्या लेखी घ्या. दोन माणसं आणखी शोधा: एक नायकाला ओळखणारा पण कुटुंबाबाहेरचा, आणि एक अजिबात न ओळखणारा. दुसरा माणूस कंटाळतो ती पानं बहुधा विशेषणांची असतात.

शेवटी चार-पाच पानं 'माहिती कुठून मिळाली' यासाठी राखून ठेवा. समिती म्हणेल, त्याऐवजी फोटो घाला. ऐकू नका, फोटो कमी करा. जाहिरातींची पानं मात्र वाचवता येत नाहीत, तो नाद सोडा.

प्रकाशन झालं की ध्वनिमुद्रणं, कागदांचे फोटो आणि खुणा केलेला मसुदा एका पेनड्राइव्हवर घालून गावच्या नाहीतर तालुक्याच्या वाचनालयात द्या आणि पोच घ्या. पुढच्या महिन्याभरात "तुम्ही आमच्या आजोबांचं नाव चुकवलं" म्हणून फोन येतील. तेही त्याच वहीत, तारखेसह, समासात 'ऐ' टाकून लिहून ठेवा. दुसरी आवृत्ती निघालीच तर लागतील.